नाथसागराचे वरचे आणि खालचे

[दृश्य : पैठण, धरणाचे दरवाजे]

गोदावरीवरील जायकवाडी धरणाचे हे २७ दरवाजे आहेत; त्यांच्यामागचा जलाशय म्हणजे नाथसागर. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी (अब्ज घनफूट) असला, तरी त्यात येणारे बहुतांश पाणी मराठवाड्यात पडत नाही. ते नाशिक आणि अहिल्यानगरच्या डोंगरांतून येते.

[दृश्य : भंडारदरा, दारणा, गंगापूर]

वाटेत ही धरणे आहेत. भंडारदरा १९२६ चे, म्हणजे जायकवाडीहून कितीतरी जुने. त्यामुळे ‘आमच्या धरणातले पाणी’ ही भाषा येथे पिढ्यांपासूनची आहे आणि ती निव्वळ हट्ट म्हणून झटकता येत नाही, कारण या धरणांखाली जमिनी गेल्या त्या याच भागातल्या शेतकऱ्यांच्या. अडचण इतकीच की हा विचार तालुक्याची वेस ओलांडत नाही, आणि नदी मात्र ओलांडते.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने टंचाईत संपूर्ण खोऱ्याचा हिशेब धरून समन्यायी वाटप करण्याची तरतूद केली. पुढे मेंढेगिरी अभ्यासगटाच्या २०१३ च्या अहवालावरून असे ठरले की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. २०२३ मध्ये असाच सुमारे ८.६ टीएमसीचा आदेश निघाला.

[दृश्य : कोल्हापुरी बंधारा, फळ्या काढताना]

आदेश निघाला म्हणजे पाणी निघाले असे होत नाही. आधी नदीतल्या बंधाऱ्यांच्या पाणी अडवणाऱ्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरच्या मोटारींची वीज तोडावी लागते, बंदोबस्त लावावा लागतो. तोवर मोर्चे आणि याचिका सुरू झालेल्या असतात, आणि एकाच पक्षाचे पुढारी नाशकात एक व संभाजीनगरात दुसरे बोलत असतात. सुटलेल्या पाण्यापैकी बरेचसे कोरडे पात्रच पिऊन टाकते.

[दृश्य : डावा कालवा]

पाणी पैठणला पोचले तरी हा वाद संपत नाही. परभणीकडे जाणारा हा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे, आणि त्याच्या मुखाकडच्या उसाचे पाणी भागेपर्यंत टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची पाळी लांबत जाते. नाशिककरांविरुद्धच्या मोर्चात एकत्र असणारी हीच गावे कालव्यावर परस्परांशी भांडतात, आणि येथेही ‘आमचे पाणी’ हेच शब्द ऐकू येतात.

पाणीच नसले तर काय होते, ते २०१२-१३ च्या दुष्काळात दिसले : जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या अनेक बागा वाळल्या.