पालाची झडती

पहाटे साडेचारच्या सुमाराला माळावर पोलिसांची गाडी येते. गावाबाहेर पारध्यांची पाच-सहा पालं. पंचक्रोशीत चोरी झाली की पोलिसांची पावलं आधी इकडं वळतात. पालाला दारच नाही, थाप कुठं मारणार? ताडपत्री वर होते, पत्र्याची पेटी उपडी होते. गोधड्या, पितळी तांब्या, लुगड्याच्या घडीत जपलेले चार सोन्याचे मणी. "हे कुठून आणलं?"

या प्रश्नामागं कायद्याचं बळ आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951, कलम 124. जवळची वस्तू चोरीची असावी असं मानायला कारण असेल आणि ती कशी आली याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर तो गुन्हा. आठवडी बाजारात शेळी विकून मणी घेणाऱ्या बाईनं पावती कुठली दाखवायची? त्याच कायद्याच्या कलम 122 मध्ये, चोर म्हणून ज्याचा बोलबाला आहे असा माणूस रात्री रस्त्यात रेंगाळताना दिसला, तरी तो गुन्हा ठरू शकतो.

पारध्यांचा हा बोलबाला केला इंग्रज सरकारनं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वस्ती, उभी राहिली. रोज हजेरी, बाहेर जायला परवानगी. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. 1959 मध्ये मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला. त्यात जातीचं नाव नाही. संशय मात्र जातीवरूनच घेतला जातो.

चोरीचा तपास व्हायलाच हवा, आणि झडतीशिवाय तपास होत नाही. म्हणूनच कायद्यानं या अधिकाराला वेसण घातली आहे. झडतीची कारणं आधी लिहून ठेवायची, परिसरातले किमान दोन निष्पक्ष पंच घ्यायचे, बाईची झडती बाईनंच घ्यायची. पण पहाटेच्या माळावर पंच कोण? बहुतेकदा त्याच गावातले, ज्या गावाला ही वस्ती नकोच असते. त्यांच्या सहीला निष्पक्ष कसं म्हणायचं?

3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यानं, झडतीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय. ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवं. पालातून उचललेल्या माणसाच्या वकिलानं पहिल्याच तारखेला ते मागावं. नसेल, तर का नाही, हे न्यायालयानं तपास अधिकाऱ्याला विचारावं.