उघडायचं म्हणजे आधी झाकायचं

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'पुरातन स्थळे पर्यटकांसाठी कशी खुली करावीत'. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की पेरू देशातल्या मातीच्या भिंतींबद्दल बोलतो. त्याचं हे बारसं संयोजकांनी केलं. पेरू या शब्दावरचा विनोद मी करणार नाही, तो तुमच्या मनात आत्ताच होऊन गेलाय.

मी पाटबंधारे खात्यातला माणूस. पुरातत्त्व हा माझा प्रांत नाही, माती मात्र आहे. आयुष्यभर एकच काम केलं, मातीपासून पाणी लांब ठेवायचं नाहीतर पाण्यापासून माती. म्हणून पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर त्रुहियो नावाचं शहर आहे, तिथं पोचल्यावर मी आधी वर आभाळ बघितलं. वर्षभर पावसाच्या नावानं चार शिंतोडे. समुद्रातला थंड प्रवाह ढगांना बरसू देत नाही, नुसतं धुकं येतं. आणि अशा कोरड्या वाळवंटात शेजारीच चान चान, चिमू लोकांची राजधानी. सुमारे 20 चौरस किलोमीटर, सगळं कच्च्या विटांचं. भिंतींवर मासे, समुद्रपक्षी, जाळ्यांची नक्षी. 1470च्या सुमाराला इंका लोकांनी हे राज्य जिंकलं, म्हणजे कोलंबस निघायच्याही आधी.

पण मला सांगायचंय ते तिथून पुढचं, एल ब्रुहो. ब्रुहो म्हणजे मांत्रिक. आपल्या भाषेत देवऋषी म्हणा. परिसरातले असे लोक तिथं विधी करायला येत, त्यावरून नाव पडलं म्हणतात. आम्ही गाडी करून निघालो. चिकामाच्या खोऱ्यात शिरलो आणि दोन्ही बाजूंना ऊस. ऊस म्हणजे किती? संपेचना. आमची ही म्हणाली, "एवढे पैसे घालून जयसिंगपूरलाच आणलंत की मला." तिचं चुकलं नव्हतं. कोलंबसानं दुसऱ्या सफरीत ऊस तिकडं नेला. तो ऊस लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. तिथल्या सहा हजार वर्षांपूर्वीच्या मक्याच्या लाह्यांचंही सांगायचंय, ते नंतर.

ऊस संपतो तिथं समुद्र आणि समुद्राच्या काठावर टेकाडं. मोठं आहे त्याचं नाव उआका काओ व्हिएहो. उआका म्हणजे पवित्र जागा. हे मोचे लोकांचं, चिमूंच्याही आधीचं. 1990 साली तिथं खणायला सुरुवात झाली. वर चढलात की भिंतीवर माणसाएवढे कैदी, नागडे, गळ्यात दोर, एका रांगेत चाललेले. लाल, पिवळा, पांढरा, काळा. रंग असे की वाटावं गेल्या दिवाळीला दिलेत.

आता इंजिनिअरचा प्रश्न. दीड हजार वर्षं हा रंग टिकला कसा? समुद्र दगड टाकल्यावर पडेल एवढा जवळ, खारा वारा. तर मोचे लोकांची रीत अशी की जुनं देऊळ झालं की ते पाडायचं नाही. कच्च्या विटांनी गच्च भरून काढायचं आणि त्याच्यावर नवं बांधायचं. पुन्हा काही पिढ्यांनी तेच. कांद्यासारखं, एकात एक. म्हणजे जे झाकलं ते राहिलं. माझ्या डोक्यात हे तिथं जे बसलं ते अजून उतरलेलं नाही, घरी सगळ्यांना कंटाळा आलाय, म्हणून आज तुमच्यापुढं आलो.

थोडं विषयांतर करतो. आमचं लहानपणीचं घर माळवदाचं. इथले पिकलेले केस बघून वाटतं की माळवद समजावून सांगायची गरज नाही. दर वैशाखात वडील वर पांढरी माती चढवायचे. ती माती यायची कुठून? गावाबाहेरच्या टेकाडातून. काळी शेतीची, पांढरी वस्तीची, हे आपल्याला माहीत. पण पांढरी पांढरी का, तर शेकडो वर्षांची घरं, चुली, राख तिथं कुजून बसलेली. आम्ही ती पाट्या भरभरून आणली. मातीत खापऱ्या निघायच्या, काहींवर काळ्या रेघांची नक्षी. आम्ही त्या काळजीपूर्वक निवडून घेतल्या आणि लगोरी खेळलो. (हशा.) हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी खेळली असणार.

पेरूत कबरी उकरणाऱ्यांना उआकेरो म्हणतात. उत्तर किनाऱ्यावर गुड फ्रायडेच्या आठवड्यात उकरायला जायची जुनी चाल आहे. म्हणजे मीही एक लहानसा उआकेरोच. फरक एवढाच की त्यांना सोनं मिळायचं, आम्हाला माळवद.

बरं, आता एल ब्रुहोचं संग्रहालय. 2005 साली उआका काओ व्हिएहोच्या टेकाडात एक कबर सापडली. आत मोठं गाठोडं, कापडाचे थरावर थर. उलगडायला महिने लागले. सोबत लढाईच्या गदा आणि भालेफेकीची साधनं, तेव्हा कुणाच्याही मनात येईल की सरदार असणार. निघाली बाई. पंचविशीच्या आतबाहेरची, हातांवर साप आणि कोळी गोंदलेले. साधारण इसवी सन 400 मधली. तोवर मोचेंचे राज्यकर्ते म्हणजे पुरुष, असं धरून चालायचे. तिला आता 'सेन्योरा दे काओ' म्हणतात, काओची बाईसाहेब.

तिच्या दालनात अंधार. मी काचेची पेटी शोधतोय, नाक लावायच्या तयारीनं. तर समोर आरसा. बाईसाहेब आरशातून दिसतात, थेट नाही. मला पहिल्यांदा राग आला. तिकीट काढलंय, इतक्या लांबून आलोय, आणि प्रतिबिंब? वाटाड्या मुलगा त्याच गावचा, मागदालेना दे काओचा. म्हणाला, "ती आमची पुरलेली माणूस आहे. तुम्ही तिच्यावर वाकून बघणार का?" मी गप्प. ही माझ्याकडं बघतेय. तिथून बाहेर पडेपर्यंत मी एकदाही घड्याळ बघितलं नाही, आज मात्र अध्यक्ष बघतायत.

शेजारचं टेकाड उआका प्रिएता, म्हणजे काळपट. आपली वस्ती पांढरी, त्यांची काळी. जुनियस बर्ड या अमेरिकन पुरातत्त्वज्ञानं 1946–47 मध्ये तिथं खणलं. पुढच्या उत्खननात सुती चिंध्या मिळाल्या, मळकट. त्या धुतल्यावर निळा रंग दिसला. नीळ, सहा हजार वर्षांपूर्वीची. 2016 साली जाहीर झालं, जगातली ठाऊक असलेली सर्वांत जुनी. आमच्याकडं कापड धुतल्यावर निळा जातो, तिथं आला. आणि आपण समजत होतो, कापूस आणि नीळ म्हणजे आपलीच मक्तेदारी!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता सुरू करतो.

पहिलं, पाणी. या कोरड्या किनाऱ्यावर काही वर्षांनी एल निन्यो येतो, म्हणजे तो थंड समुद्र तापतो. 1982–83, 1997–98, मग 2017. तेव्हा आभाळ फाटतं आणि कच्ची वीट साखरेसारखी विरघळते. चान चान 1986 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि त्याच वर्षी धोक्यातल्या यादीतही. हार आणि नोटीस एकाच दिवशी. म्हणून तिकीटखिडकीच्या आधी छप्पर आणि गटार. पैसे उरले तर कमान.

दुसरं, जेवढं राखता येईल तेवढंच उघडा. एवढ्या चान चानमध्ये पर्यटक मुख्यतः एकच वाडा बघतात. पूर्वी त्याला चुदी या स्विस प्रवाशाचं नाव होतं, आता निक आन म्हणतात. बाकीचं आहे तसं असू दे. एल ब्रुहोत खणणं 1990 ला सुरू, संग्रहालय 2009 ला. एकोणीस वर्षं. आमच्याकडं एकोणीस दिवसांत फीत कापतात.

तिसरं, गावची माणसं. आरशासमोर मला ज्यानं गप्प केलं तो पगारी नोकर होता, पण बोलला घरच्यासारखा. असा माणूस परगावाहून आणता येत नाही.

चौथं, तो ऊस. आणि इथं माझ्याच सिद्धांताला चटका बसतो. त्याच उत्तर पेरूत, लांबायेके भागात वेंतारॉन नावाचं पुरातन स्थळ आहे, तिथं जाळ्यात सापडलेल्या हरणाचं भित्तिचित्र, अमेरिका खंडातल्या सर्वांत जुन्यांपैकी, चार हजार वर्षांचं. त्याच्यावर रीतसर आच्छादन घातलं होतं. नोव्हेंबर 2017 मध्ये शेजारच्या शेतात ऊस पेटवला, आग आली आणि आच्छादनच पेटलं. चित्र होरपळलं. पाचट पेटवणं म्हणजे काय, हे या सभागृहात मी कुणाला सांगू? म्हणजे नुसतं झाकून भागत नाही. कशानं झाकलं, बांधापलीकडं कोण आहे आणि त्याच्याशी आपलं बोलणं आहे का, हेही बघावं लागतं. यावर अर्धा तास बोलायचा बेत होता.

अध्यक्ष उभे राहिले. लाह्या राहिल्या. चहाच्या वेळी विचारा.