पहिल्या पावसाची नोंद

या चित्रफितीच्या सुरुवातीला दिसणारा, मे महिन्याच्या अखेरीस ड्रोनने टिपलेला हा काळपट, भेगाळलेल्या जांभ्याचा विस्तार म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीजवळचा एक सडा, म्हणजे सपाट कातळी पठार. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या भागात उन्हाळ्यात वाळलेले गवत आणि भेगांत तग धरून राहिलेली खुरटी झुडपे यांखेरीज फारसे काही नजरेस पडत नाही, आणि म्हणूनच अशा जमिनी सहजपणे ‘पडीक’ ठरवल्या जातात. याच पडीक समजल्या जाणाऱ्या कातळावर काही माणसे दुपारच्या उन्हात वाकून काहीतरी मोजताना दिसत आहेत. ज्या प्राण्यासाठी ही तयारी चालली आहे, तो या घडीला कुठल्या तरी दगडाखाली किंवा भेगेत दडून बसलेला आहे, आणि पहिला दमदार पाऊस पडल्याशिवाय तो बाहेर येणार नाही.

त्या प्राण्याचे नाव आंबोली टोड; टोड म्हणजे भेक, बेडकांचाच एक प्रकार. शास्त्रीय परिभाषेत त्याला झँथोफ्रिन टायग्रिना म्हणतात. जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीच्या या उभयचराची पाठ ओल्या जांभ्यात मिसळून जाईल अशा रंगाची असते. कुशींवर मात्र पिवळसर-नारिंगी पट्टे असतात, आणि टायग्रिना हे नाव त्याला त्यांच्यावरूनच मिळाले आहे. सावंतवाडी-बेळगाव रस्त्यावरचे, पर्यटकांच्या चांगल्या ओळखीचे गाव असूनही आंबोलीतल्या या टोडला शास्त्रीय नाव मिळायला २००९ साल उजाडावे लागले. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. कोयना परिसरातून १९६३ मध्ये नोंदवला गेलेला आणि तोवर बुफो या मोठ्या प्रजातीत (जीनसमध्ये) मोडणारा कोयना टोडही त्याच वेळी नव्या प्रजातीत आणला गेला. साऱ्या जगात या प्रजातीच्या या दोनच जाती ज्ञात आहेत आणि दोन्ही सह्याद्रीच्या महाराष्ट्रातील भागात राहतात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत कोयना टोड संकटग्रस्त, तर आंबोली टोड अतिसंकटग्रस्त या वर्गात आहे.

उभयचरांच्या सर्वेक्षणाचा हंगाम पावसाने सुरू होतो असे वाटत असले, तरी खरे काम त्याआधीच सुरू झालेले असते. कोरड्या सड्यावर फिरून, पाऊस पडल्यावर पाणी कुठे साचेल याचा अंदाज घेतला जातो. कातळावरचा प्रत्येक उथळ खळगा नकाशावर घेतला जातो, त्याची लांबी, रुंदी आणि खोली मोजली जाते, आणि शोधासाठी ठराविक लांबी-रुंदीच्या पट्ट्या आखून त्यांच्या दोन्ही टोकांची जीपीएसवर नोंद होते. रात्री, धुक्यात आणि पावसात हीच पट्टी पुन्हा बिनचूक सापडली पाहिजे, कारण वर्षानुवर्षांची तुलना करायची तर माणसे बदलली तरी जागा बदलून चालत नाही. चित्रीकरणात हा भाग कंटाळवाणा दिसतो. तरीही तो आम्ही कापलेला नाही, कारण मोजणीची विश्वासार्हता इथेच ठरते.

आता दिसते आहे ती बादली आणि त्यात बुडवलेले गमबूट. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यापूर्वी बुटांच्या तळव्यांतला चिखल ब्रशने खरवडला जातो, बूट जंतुनाशकात बुडवले जातात आणि मग ते पूर्ण वाळू दिले जातात. या काळजीला कारण आहे. बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस ही बुरशी उभयचरांच्या त्वचेतील केराटिन या प्रथिनावर वाढते, त्वचेवाटे चालणारी पाण्याची आणि क्षारांची देवाणघेवाण बिघडवते, आणि तिच्यामुळे मध्य अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील बेडकांच्या कित्येक जाती नाहीशा झाल्या किंवा त्या वाटेवर आहेत. उत्तर पश्चिम घाटातील बेडकांवरही ही बुरशी आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. बेडूक वाचवायला निघालेल्या माणसाच्याच बुटांना चिकटून रोग एका सड्यावरून दुसऱ्या सड्यावर पोहोचू नये, एवढ्यासाठी ही बादली डोंगर चढून वर आणली जाते.

वळवाच्या सरी येऊन जातात आणि जून उजाडतो. आंबोलीत वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण आंबोली टोडच्या दृष्टीने त्यातले सुरुवातीचे काही दिवसच निर्णायक असतात. जमीन भिजली आणि खळगे भरले की दडून बसलेले टोड एकाएकी उघड्यावर येतात, नर पाण्याच्या कडेला जागा धरतात, माद्या येतात, अंडी घातली जातात, आणि मग पावसाचा उरलेला सारा काळ ते क्वचितच दृष्टीस पडतात. हे मोजके दिवस हुकले, तर त्या वर्षीची मोजणीही हुकली. त्यामुळे अभ्यासकांचे सारे वेळापत्रक हवामानाच्या अंदाजावर टांगलेले असते, आणि पाऊस सुरू झाल्याचा निरोप गावातून आला की हातातले काम टाकून निघावे लागते.

पडद्यावर आता रात्रीचा सडा आहे. दोघे जण पट्टीच्या दोन कडांनी अगदी सावकाश चालतात. हेडटॉर्चचा झोत आधी पायाखाली आणि मगच पुढे पडतो, कारण ज्याला शोधायचे आहे तोच पावलाखाली येण्याची भीती असते आणि कातळाच्या कपारीत घोणस किंवा चापडाही असू शकतो. शोधाची वेळ घड्याळ लावून ठरलेली असते: तेवढ्या वेळात जे दिसेल ते नोंदवायचे, वेळ संपल्यावर दिसलेले धरायचे नाही. मोह टाळण्यासाठी केलेला हा नियम दिसतो तितका सोपा नाही. पट्टी संपल्यावर दोन पावले पलीकडे चांगला पट्टेरी नर बसलेला दिसतो, आणि तो डोळ्यांनी पाहून, पण तक्त्यात न लिहिता पुढे जावे लागते.

सापडलेल्या प्रत्येक प्राण्याची नोंद याच क्रमाने होते. हात आधी त्याच खळग्याच्या पाण्याने ओले केले जातात, कारण उभयचर त्वचेवाटेही श्वास घेतात आणि कोरडा हात, किंवा त्याहून वाईट म्हणजे डासांचे मलम लावलेला हात, त्यांना अपायकारक ठरतो. प्रत्येक प्राण्यासाठी नवे हातमोजे आणि नवी पिशवी वापरली जाते. व्हर्नियर कॅलिपरने तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी घेतली जाते, पिशवीसह वजन होते, आणि मग दोन्ही कुशींची छायाचित्रे काढली जातात. इथे कॅमेरा थोडा वेळ थांबला आहे. डाव्या कुशीवरचा तिसरा पट्टा मध्येच तुटलेला दिसतो. अशाच नैसर्गिक खुणांवरून हा नर पुन्हा भेटला तर ओळखता येईल. पूर्वी ओळखीसाठी बोटांची टोके कापण्याची पद्धत होती. छायाचित्रांनी काम भागत असेल, तर ती वापरण्याचे काही कारण उरत नाही. हवेचे आणि पाण्याचे तापमान, आर्द्रता, खळग्यातील पाण्याची खोली हे सारे जलरोधक कागदावर साध्या शिसपेन्सिलीने लिहिले जाते, कारण शाई इथे पाच मिनिटेही टिकत नाही. प्राणी जिथे उचलला, तिथेच परत ठेवला जातो.

सकाळच्या उजेडात दिसणारा हा खळगा जेवणाच्या ताटाएवढा उथळ आहे आणि त्याच्या तळाशी अंडी आहेत. घरांच्या आसपास वावरणारा साधा भेक आपली अंडी लांबलचक जेलीसारख्या माळांमध्ये घालतो. या प्रजातीतील टोड मात्र ती लहान लहान पुंजक्यांत घालतात, आणि एका पुंजक्यातली अंडी मोजकीच असतात. एवढ्याशा पाण्यात मासे पोहोचू शकत नाहीत हा या जागेचा मोठा फायदा आहे. तोटा इतकाच, की पावसाने ओढ दिली तर पाणी आटते. अंड्यांतून टॅडपोल बाहेर येणे, त्यांना पाय फुटणे, शेपूट जिरणे आणि इवल्या टोडने पाण्याबाहेर पडणे हे सारे खळगा आटण्याच्या आत उरकावे लागते. मे महिन्यात घेतलेली खोलीची मापे आता कामाला येतात: कोणता खळगा किती दिवस टिकला आणि त्यातून पिल्ले बाहेर पडली की नाहीत, हे ताडून पाहता येते. शेजारचा दुसरा खळगा पाहा. चार दिवसांच्या उघडिपीनंतर त्यात उरले आहे ते एवढेच.

झाडाला पट्ट्याने बांधलेली ही हिरवी पेटी म्हणजे स्वयंचलित ध्वनिमुद्रक. बेडकांमध्ये साद घालण्याचे काम बहुधा नरांचे असते आणि प्रत्येक जातीची साद वेगळी असते, त्यामुळे माणूस हजर नसतानाही रात्रीची हजेरी घेता येते. नंतर संगणकावर या आवाजांचे आलेख काढले जातात. पडद्यावर दिसणाऱ्या उभ्या रेघा बुश फ्रॉगच्या टिकटिकाटाच्या आहेत. या झुडपी बेडकांना टॅडपोलची अवस्थाच नसते, त्यांच्या अंड्यांतून थेट इवले बेडूक बाहेर पडतात, आणि म्हणून त्यांना साचलेल्या पाण्याची गरज लागत नाही. ध्वनिमुद्रणाला अर्थात मर्यादा आहेत. जोराच्या पावसात पानांवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज सगळ्यावर मात करतो, आणि जे प्राणी आवाजच करत नाहीत त्यांच्यासाठी या पेटीचा काही उपयोग नाही.

अशा अबोल प्राण्यांसाठी कुदळ हाती घ्यावी लागते. ओढ्याकाठच्या भुसभुशीत मातीत, कुजलेल्या पानांच्या थराखाली राहणारे देवगांडूळ पहिल्या नजरेला थेट गांडुळासारखे दिसते. पण त्याला कवटी, जबडा आणि दात असतात, आणि डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान एक अगदी लहान स्पर्शिका असते. कॅमेरा एवढा जवळ नेल्यावरच ती दिसते. पाय नसलेल्या या उभयचरांपैकी गेजेनिओफिस डॅनिएली या जातीचे वर्णन २००३ मध्ये आंबोलीतूनच झाले आणि तिला ज्येष्ठ निसर्गशास्त्रज्ञ जे. सी. डॅनिएल यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातील दोर्ले येथून गेजेनिओफिस शेषाचारी ही जात नोंदवली गेली आणि पुढे ती अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते असे आढळले. माती खणणे हा शोधाचा सर्वांत जुना मार्ग असला, तरी तो सर्वांत जास्त नासधूस करणाराही आहे, म्हणून खणण्याची जागा आखून घेतली जाते आणि काढलेली माती व पाने त्याच क्रमाने परत घातली जातात. ओंजळीतले हे देवगांडूळ काही क्षणांतच बोटांच्या फटीतून मातीत शिरते. त्याला धरून ठेवण्याचा प्रयत्न कोणी करत नाही.

या तक्त्यांमध्ये शून्य हा आकडा पुष्कळ वेळा आलेला दिसेल. पट्टीवर काही दिसले नाही, तरी तो तक्ता रिकामा न ठेवता त्यावर वेळ, तापमान आणि शून्य लिहायचे असते. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हे अभ्यासकाला ठाऊक असते. त्या रात्री वारा जास्त असेल, पाऊस कमी असेल किंवा प्राणी भेगेतच राहिला असेल. त्याच पट्टीवर पुन्हा पुन्हा गेल्यावरच, प्राणी तिथे असूनही दिसला नाही याची शक्यता किती, हे गणिताने काढता येते, आणि ती ठाऊक झाल्याखेरीज ‘या सड्यावर टोड नाही’ असे विधान करण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही. एका भेटीच्या आधारे जमिनीचा निकाल लावणाऱ्या अहवालांमध्ये नेमकी हीच अट दुर्लक्षित राहते.

सड्यांवरचे बॉक्साइटचे खाणकाम, चिऱ्याच्या खाणी, कातळावर नेऊन लावल्या जाणाऱ्या मोटारी आणि पावसाळी रात्री रस्त्यावर चिरडले जाणारे टोड ही एवढी मोजदाद करावी लागण्यामागची ठळक कारणे आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत.

या चित्रफितीतील जीपीएसच्या पडद्यावरचे आकडे मुद्दाम पुसट केले आहेत. पावसाळ्यात छायाचित्रणासाठी येणाऱ्यांपैकी काही जण बेडूक उचलून अधिक शोभिवंत पानावर बसवतात, दगड उलटतात आणि ते तसेच टाकून निघून जातात. नेमकी जागा जाहीर झाली की असे हात वाढतात. प्राणी हाताळतानाची सर्व दृश्ये वनविभागाच्या लेखी परवानगीने, अभ्यासकांच्या नेहमीच्या कामाच्या ओघात चित्रित केली आहेत, आणि केवळ चित्रीकरणासाठी कोणताही प्राणी पुन्हा पकडलेला नाही. ज्यांना आपल्या परिसरातील बेडकांच्या नोंदी ठेवायच्या असतील, त्यांनी प्राण्याला हात न लावता छायाचित्र, सादेचे ध्वनिमुद्रण, तारीख, वेळ आणि पाऊस होता की नाही एवढे टिपले, तरी त्या नोंदीचा अभ्यासकांना उपयोग होतो.