लपवलेला ताप

(बडोद्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मराठी श्रोत्यांसमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून लेखी रूपात.)

मंडळी, विषय विमानाचा असला तरी मी सुरुवात रेल्वेपासून करणार आहे. बडोद्यात बसून साथींबद्दल बोलायचं आणि सप्टेंबर १९९४ चं नाव काढायचं नाही, हे जमणारच नाही. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला ते दिवस आठवत असतील. सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली आणि काही दिवसांतच लाखो माणसांनी सुरत सोडली. हिरे घासणारे कारागीर, यंत्रमागावरचे मजूर, त्यांची बायकापोरं, मिळेल त्या गाडीत शिरत होती. कितीतरी खाजगी डॉक्टरही दवाखान्याला कुलूप लावून निघून गेले. मी स्वतः डॉक्टर आहे, त्यामुळे ती गोष्ट मला आजही लागते. सुरत सोडलेली गाडी दोन-अडीच तासांत आपल्या स्टेशनात. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं फलाटावर उतरत होती आणि औषधांच्या दुकानांतलं टेट्रासायक्लिन संपत होतं. ज्यांना ताप नव्हता, खोकला नव्हता, त्यांनीही गोळ्या घेऊन घरात भरून ठेवल्या.

तो फुफ्फुसाचा प्लेग होता. उपचार मिळाला नाही तर असा रुग्ण सहसा वाचत नाही, तेव्हा भीती निराधार होती असं मी म्हणणार नाही. पण पुढे काय झालं ते पाहा. एवढी माणसं मुंबई, अहमदाबाद, दिल्ली अशी चहूकडे पांगली, तरी दुसऱ्या कुठल्याही शहरात सुरतेसारखी साथ उभी राहिली नाही. मृत्यूंचा अधिकृत आकडा साठच्या आत थांबला. फुफ्फुसाचा प्लेग पसरतो तो खोकणाऱ्या, चांगल्याच आजारी पडलेल्या माणसाच्या अगदी जवळ राहिल्याने. असा माणूस लांबचा प्रवास करण्याच्या अवस्थेत क्वचितच असतो, आणि वेळेवर दिलं तर साधं, स्वस्त प्रतिजैविक त्याच्यावर काम करतं. हे तेव्हाही पाठ्यपुस्तकांत छापलेलं होतं. ते लोकांपर्यंत पोचायच्या आत अफवा पोचली.

जगानेही आपल्याला तसंच वागवलं. आखाती देशांनी भारतात येणारी-जाणारी विमानं बंद केली. इतर देशांत उतरणाऱ्या आपल्या विमानांना धुरी देण्यात आली, प्रवाशांना बाजूला काढून तपासलं गेलं. प्रवासबंदीची गरज नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, ते कोणी ऐकलं नाही. व्यापार, पर्यटन, विमानं मिळून देशाचं नुकसान दीड-दोन अब्ज डॉलरचं झालं असा अंदाज पुढे मांडला गेला. साठच्या आत मृत्यू आणि अब्जांचं नुकसान, हे प्रमाण जरा मनाशी धरून ठेवा. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि सुरत झाडून-पुसून लख्ख केली. ती हकीगत स्वतंत्र व्याख्यानाची आहे, आज तिच्यात शिरत नाही.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. आजार विमानाने येतो हे खरं, पण तो पसरतो तो लपवल्यामुळे. आणि माणूस असो वा सरकार, लपवतो तो शिक्षेच्या भीतीने.

सार्सचं उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २००२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एक विचित्र न्यूमोनिया सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटनेला त्याची अधिकृत खबर मिळाली ती फेब्रुवारी २००३ मध्ये. तोवर उशीर झाला होता. त्याच महिन्याच्या २१ तारखेला ग्वांगडोंगमध्ये असे रुग्ण तपासलेले एक डॉक्टर, लिउ जियानलुन, हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरले. ते स्वतः आजारी होते. त्या मजल्यावरून संसर्ग घेतलेले पाहुणे विमानांत बसले आणि काही दिवसांत हनोई, सिंगापूर, टोरांटो इथे रुग्ण दिसू लागले. साथ संपली तेव्हा हिशेब होता ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू.

यातली हनोईची बाजू मला फार महत्त्वाची वाटते. तिथे कार्लो उर्बानी नावाचे इटालियन डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेचं काम करत होते. हॉटेलातून आलेल्या रुग्णाला पाहून त्यांनी ओळखलं की हा नेहमीचा फ्लू नाही, आणि ताबडतोब जगाला कळवलं. व्हिएतनाम सरकारनेही झाकपाक केली नाही, बाहेरच्या तज्ज्ञांना आत येऊ दिलं. उर्बानींना त्याच आजाराने गाठलं आणि २९ मार्च २००३ रोजी ते गेले. पण सार्स आटोक्यात आणणारा पहिला देश व्हिएतनामच ठरला, एप्रिल संपायच्या आत. गरीब देश, साधी रुग्णालयं. वेळेवर खरं सांगितलं, यानेच सगळा फरक पडला असं माझं ठाम मत आहे.

आता विमानाच्या आत नेमकं काय होतं ते पाहू, कारण लोकांच्या मनात याचाच सर्वांत जास्त घोळ आहे. १५ मार्च २००३ ला हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एअर चायनाच्या ११२ क्रमांकाच्या विमानात ७२ वर्षांचे एक आजारी गृहस्थ बसले होते. प्रवास तीन तासांचा. विमानात आणखी ११९ जण होते, त्यांतले २२ जण पुढे सार्सचे रुग्ण म्हणून नोंदले गेले. ज्यांची माहिती मिळाली त्यांच्यापैकी, या गृहस्थांच्या पुढच्या तीन रांगांमधल्या २३ जणांतले ८ आजारी पडले, आणि इतरत्र बसलेल्या ८८ जणांतले १०. म्हणजे जवळ बसणाऱ्याला धोका जास्त, पण दूर बसलेलाही सुटला नाही. याच अभ्यासात दुसरं एक विमान होतं. त्यात सार्सचे चार रुग्ण होते आणि तरी फार तर एकालाच लागण झाली. तिसऱ्यात आजाराची लक्षणं अजून न दिसलेला एक रुग्ण होता, तिथे कोणालाच काही झालं नाही. म्हणून ‘विमानात बसलं की लागण झालीच’ हेही खोटं, आणि ‘विमान अगदी सुरक्षित’ हेही खोटं.

त्याहून बोलकं उदाहरण १९७७ चं, अलास्कातलं. इंजिन बिघडल्यामुळे एक विमान काही तास जमिनीवरच उभं राहिलं. ५४ माणसं, त्यांतली एक फ्लूने फणफणलेली, आणि हवा खेळवणारी यंत्रणा त्या वेळी बंद. तीन दिवसांच्या आत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. विमान हवेत असतं तेव्हा बाहेरची हवा सतत आत येते, उरलेली बारीक गाळण्यांतून फिरते, आणि तासाभरात केबिनमधली हवा वीसेक वेळा तरी बदलते. आपल्या लग्नाच्या हॉलमध्ये असं होत नाही. ही सोय थांबते तेव्हा विमान म्हणजे फक्त दाटीवाटीची बंद खोली उरते. म्हणून मी लोकांना सांगतो की मास्क घालायचाच असेल तर चढताना-उतरताना, विमान उभं असताना, बसमध्ये आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत नक्की घाला. नेमकं तेव्हाच तो हनुवटीवर आलेला असतो.

विमानतळावरच्या ताप मोजणाऱ्या यंत्रांनी लोकांना धीर येतो. सार्सच्या वेळी कॅनडाने लाखो प्रवाशांना या यंत्रांसमोरून नेलं, एकही सार्सचा रुग्ण त्यात सापडला नाही. याला कारणं दोन. आजार अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत काही दिवस जातात आणि तेवढ्या वेळात माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो. दुसरं कारण म्हणजे पॅरासिटामॉल. उतरायच्या दोन तास आधी गोळी घेतली की यंत्राला काही दिसत नाही.

आणि माणूस ती गोळी का घेतो? मार्च २०२० आठवा. परदेशातून आलेल्यांच्या हातावर शिक्के मारले गेले, दारांवर कागद चिकटवले गेले. घरावर असे फलक सरसकट लावू नयेत हे त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. वुहानमध्ये अडकलेल्या भारतीयांना घेऊन येणारी विमानं एअर इंडियाची होती. त्याच कंपनीच्या कर्मचाऱ्यांना शेजारीपाजारी त्रास देऊ लागले, तेव्हा कंपनीला जाहीर निवेदन काढावं लागलं. ज्यांनी जिवावर उदार होऊन आपली मुलं परत आणली, त्यांना आपण जिन्यात उभं राहू दिलं नाही. मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही. अशा वागण्यानंतर पुढच्या साथीत कोणी खरं सांगेल, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

देशांचंही तेच. २४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेने कोरोनाचा नवा प्रकार सापडल्याचं जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं. त्यांच्या प्रयोगशाळा चांगल्या होत्या म्हणून त्यांना तो लवकर दिसला. दोनच दिवसांत त्याला ओमिक्रॉन नाव मिळालं आणि तिथून येणारी विमानं देशामागून देश बंद करत सुटले. नंतर नेदरलँड्समध्ये १९ नोव्हेंबरच्या नमुन्यात तोच विषाणू आढळला. तो आधीच युरोपात होता, फक्त कोणी शोधला नव्हता. १९९४ मध्ये आपण ज्या जागी होतो, तिथे दक्षिण आफ्रिका उभी होती. २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचा हेतूच असा आहे की साथ रोखावी, पण विनाकारण प्रवास आणि व्यापार अडवू नये. कागदावर भारतासह जवळजवळ सगळं जग त्याला बांधील आहे.

बडोद्याच्या मातीतली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मुंबई-पुण्यात घरझडत्या सुरू झाल्या, माणसं ओढून नेली जाऊ लागली, आणि लोक आपले आजारी लपवू लागले. त्याच काळात, १८९८ च्या फेब्रुवारीत, डॉ. वाल्डेमार हाफकिन आपल्या शहराजवळच्या उंढेरा गावी आले. प्लेग गावात शिरला होता. त्यांनी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्या माणसांना आपली नवी लस टोचली आणि अर्ध्यांना तसंच ठेवलं. आजच्या नीतिनियमांत तो प्रयोग बसणार नाही, आणि टोचून न घेतलेल्यांचं काय झालं हे वाचताना माझा घसा दाटतो. प्लेग शिरलेल्या घरांत न टोचलेले ६४ जण होते. त्यांतले २७ आजारी पडले, २६ दगावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ गेले. पुढे घरोघर चौकशी करून हा हिशेब मांडला गेला. उंढेऱ्याच्या त्या घरांनी आपले मृत्यू दडवले असते, तर हा ताळा कधीच मिळाला नसता. या शहरात त्या गावाची आठवण ठेवणारं काही असावं, असं मला फार वाटतं.

आता आपल्या घरापर्यंत येऊ. परदेशातून येणारा आपला माणूस बहुधा अहमदाबादला किंवा मुंबईला उतरतो आणि गाडीने बडोद्याला येतो. म्हणजे त्याला ताप येईल तेव्हा तो विमानतळावर नसेल, रावपुऱ्यातल्या नाहीतर मांजलपुरातल्या घरी असेल, आणि त्याला पहिल्यांदा पाहणारा माणूस तुमचा नेहमीचा डॉक्टर असेल. त्या डॉक्टरला प्रवास सांगितलाच पाहिजे. आपल्याकडे केनिया, टांझानिया, युगांडाशी नाती असलेली घरं कमी नाहीत. तिथून आलेल्या माणसाला आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला, तर तो मेंदूपर्यंत जाणारा मलेरिया असू शकतो. तो खोकल्यातून कोणाला लागत नाही, पण दोन दिवसांचा उशीर जीव घेऊ शकतो. प्रवास न सांगता ‘हवा बदलली, म्हणून कणकण आहे’ असं सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. घरच्यांनाही ठाऊक असतं, तेही गप्प बसतात.

मला आशा वाटते ती एका साध्या तंत्रामुळे. अमेरिकेत २०२१ पासून काही विमानतळांवर प्रवाशांचे ऐच्छिक नमुने घेतले जातात, आणि सुरुवातीला त्यात भारतातून जाणारी विमानं होती. पुढे विमानाच्या शौचालयातलं सांडपाणी तपासायला सुरुवात झाली. दोनशे-तीनशे माणसांच्या विमानातून कोणता विषाणू येतोय ते कळतं, आणि कोणाचंही नाव विचारावं लागत नाही. हातावर शिक्का नाही, दारावर कागद नाही. आपल्याकडच्या मोठ्या विमानतळांवर हे नियमित व्हावं, यासाठी आपण आवाज उठवला पाहिजे.

शेवटी एका आजींचा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे. त्यांचा नातू पुढच्या आठवड्यात टोरांटोहून येतोय, त्याला थोडा खोकला आहे, येऊ द्यावं का? आजी, त्याला विचारा की ताप आहे का, अंगावर पुरळ आहे का, दम लागतोय का. यातलं काहीही असेल तर तिथल्या डॉक्टरला दाखवून तिकीट पुढे ढकलायला सांगा. पैसे गेले तरी जाऊ द्यात. गोवराची लस झाली आहे का तेही विचारा, तिकडे गोवर पुन्हा दिसू लागला आहे. नुसता खोकला असेल तर मास्क घालून येऊ दे. आल्यावर चार-पाच दिवस तुमच्यापासून वेगळ्या खोलीत झोपू दे, खिडक्या उघड्या ठेवा. आणि शेजारणीने विचारलं तर सांगा, हो, खोकला आहे, डॉक्टरला सांगितलंय.