एकतीस तारखेची किल्ली

(दृश्य : पुण्यातलं वाकड. सकाळचे साडेसहा. सोसायटीच्या गेटबाहेर एक स्कूटर. पायाशी दोन बादल्या, मागे दोरीने बांधलेले वायपरचे दांडे.)

आज महिन्याची एकतीस तारीख. या सोसायटीतला सातव्या मजल्यावरचा दोन बीएचके काल रात्री खाली झाला. उद्या सकाळी दहाला तिथे नवीन कुटुंब येतंय. टेम्पो ठरलाय, दूध उतू घालायचं पातेलं वेगळं काढून ठेवलंय. मधे उरतो तो आजचा एक दिवस. त्या दिवसाची किल्ली वॉचमनच्या केबिनमधे खिळ्याला लटकलेली आहे, ताईंच्या नावाने.

ताई रिकामे झालेले फ्लॅट साफ करून देतात. त्यांचं खरं नाव आपण घेणार नाही. या पट्ट्यातले एजंट त्यांना ताईच म्हणतात, आपणही तेच म्हणू. सुरुवातीला हेच एजंट त्यांना मावशी म्हणायचे. मावशीची ताई होईपर्यंत काय काय झालं, तीच ही गोष्ट.

(दृश्य : लिफ्ट. भिंतींना फोमचे पॅड. ताई, त्यांची जाऊ, भाचा.)

वाकड, हिंजवडी, बाणेर, बालेवाडी. आयटीतली नोकरी लागली की माणूस इथे भाड्याने घर घेतो, नोकरी बदलली की सोडतो. घरमालक बऱ्याचदा इथे नसतोच. तो बंगळुरूला, नाहीतर थेट अमेरिकेत. त्यामुळे घर दाखवणं, पार्टी आणणं, करार करून घेणं, जुन्या भाडेकरूकडून किल्ली घेणं, हे सगळं एजंटच्या गळ्यात.

यातला करार बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा. ही अकरा महिन्यांची खोड जुनी आहे. १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोक वर्षाच्या एक महिना अलीकडे थांबायला शिकले. महाराष्ट्रात आता त्या पळवाटेला अर्थ उरलेला नाही. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. तरी अकराचा आकडा काही सुटला नाही. देवाला नारळ वाहावा तसा तो करारात येतोच.

साफसफाईचा धंदा करणाऱ्यासाठी मात्र हा आकडा सोन्याचा. कुठलं घर कधी रिकामं होऊ शकतं, हे अकरा महिने आधी कुठल्यातरी वहीत लिहिलेलं असतं. ती वही एजंटच्या टेबलावर असते.

(दृश्य : रस्त्यालगतचा गाळा. काचेच्या दारावर चिकटवलेले कागद : 'भाड्याने देणे आहे', 'ॲग्रीमेंट करून मिळेल'.)

ताई मूळच्या लातूरकडच्या. पुण्यात आल्यावर आधी चार घरची धुणीभांडी, मग एका ठेकेदाराकडे नव्या इमारतींची सफाई. पझेशनच्या आधी फरशीवरचं सिमेंट, काचेवरचे रंगाचे ठिपके, हे काढायला त्या तिथे शिकल्या. ठेकेदार महिनामहिना पैसे अडकवायचा. म्हणून स्वतःचं काम काढायचं ठरलं. कार्ड छापलं, आणि एकाच दिवशी दहा-बारा एजंटांची दारं पालथी घातली.

एकाचाही फोन आला नाही.

कारण विचारलं तर ताई आज हसतात. गेल्या होत्या तीस तारखेला. त्या दिवशी एजंट एका कानाला मालक आणि दुसऱ्याला भाडेकरू लावून बसलेला असतो. डिपॉझिटवरून भांडण चालू असतं, पार्टी दारात उभी असते. त्यात कुणी कार्ड दिलं तर ते सरळ चहाच्या कपाखाली जातं. आता ताई दहा ते वीस तारखेच्या मधे जातात, दुपारी, गाळ्यात पंख्याखेरीज काही चालू नसतं तेव्हा. आणि 'काम आहे का?' असं विचारत नाहीत. विचारतात, 'पुढच्या महिन्यात कोणकोणते फ्लॅट खाली होतायत, दादा?'

या दोन प्रश्नांत फरक फार आहे. 'काम आहे का' म्हणणाऱ्याला 'असलं तर कळवतो' म्हणून वाटेला लावता येतं. दुसऱ्या प्रश्नाला वही उघडावी लागते.

वही उघडली की हिशेबही उघडतो. समजा भाडं तीस हजार. म्हणजे घर रिकामं राहिलं की मालकाचे दिवसाला हजार रुपये गेले. एजंटला दलाली मिळते ती साधारण महिन्याच्या भाड्याच्या आसपास, कुठे थोडी कमी. पण ती मिळते घर गेल्यावर. पार्टी घर बघायला आली आणि सिंकमधे झुरळ दिसलं, बाल्कनीत कबुतरांनी थर लावून ठेवलेला दिसला, की बाई दारातूनच मागे फिरते. मग एजंटने किती का सांगावं, 'सफाई होणारच आहे, मॅडम.' घर बघताना सफाईची कल्पना कुणी करत नाही.

म्हणजे एजंटला चकचकीत फरशीचं विशेष कौतुक नसतं. त्याला हवी असते तारीख. सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळेला, घर दाखवण्याजोगं. त्यासाठी त्याला परत फोन करावा लागू नये, जाऊन बघावं लागू नये. ताईंनी विकलं ते हे. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे, आणि स्वस्त दराच्या मागे लागलेल्या कितीजणांना ती कळतच नाही.

(दृश्य : रिकामा फ्लॅट. होल्डरमधे बल्ब नाही. ताई पिशवीतून बल्ब काढून लावतात.)

भाडेकरू जाताना बल्बसुद्धा काढून नेतात. म्हणून पिशवीत दोन बल्ब कायमचे. पाणी आहे का, हे आदल्या रात्रीच वॉचमनला विचारून ठेवायचं. टँकर आला नसेल तर सकाळी सातला येऊन उपयोग काय?

पहिलं काम फोटोंचं. झाडू नंतर. खोली खोली, कपाटं उघडून, नळ, आरसा, फुटलेली टाइल असेल तर ती जवळून. हे आपल्या बचावासाठी, कारण आधीच तडकलेल्या बेसिनचा आळ सफाईवाल्यांवर यायला वेळ लागत नाही. पण एजंटलाही हे फोटो फार उपयोगी पडतात. जुना भाडेकरू 'घर स्वच्छच दिलं होतं' म्हणतो, मालक सातासमुद्रापार. मधे पुरावा कुणाकडे? ताईंच्या मोबाइलमधे.

मग वरून खाली. पंखे, माळा, कपाटाच्या आतल्या फळ्या, खिडक्या. सरकत्या खिडक्यांच्या पट्ट्यांत अडकलेली माती जुन्या टूथब्रशने. नंतर स्वयंपाकघर, मग बाथरूम. फरशी शेवटी, मागे मागे सरकत दारापर्यंत. रंगारी येणार असेल तर तो आधी. एकदा उलटं झालं होतं. पुसलेल्या फरशीवर डिस्टेंपरचे थेंब, आणि सगळं काम दोनदा.

(दृश्य : बाथरूम. नळाभोवती पांढरा थर. ओल्या फडक्याने गुंडाळलेला नळ.)

इथला खरा शत्रू म्हणजे पाणी. या भागातल्या बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. पाणी जड, त्यातले क्षार नळावर, काचेवर, टाइलवर पांढरे बसतात. घासून जात नाहीत. बरेचजण सरळ बाटलीतलं ॲसिड ओततात. थर जातो, त्याबरोबर नळाची चकाकीही जाते, टाइलच्या सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जातं. ताई लिंबूसत्त्व वापरतात, किराणा दुकानात मिळतं तेच. कोमट पाण्यात विरघळवून फडकं भिजवायचं, नळाला गुंडाळायचं आणि अर्धा तास विसरून जायचं. पण संगमरवरावर तेही नाही. त्या दगडाचा आणि त्या पांढऱ्या थराचा पिंड एकच, कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल डाग खाताना दगडही खातं.

आणखी एक नियम भाच्याला पाठ करायला लावलाय. ब्लीच आणि ॲसिड एकत्र करायचं नाही, एकामागोमाग एक त्याच कमोडमधे ओतायचंही नाही. क्लोरीन वायू तयार होतो, आणि इथली बाथरूमं केवढी, तर दार लावलं की कोपर भिंतीला लागतं.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. पहिल्या वर्षी टीममधल्या एकाने घाईत ॲसिड ओतलं आणि मालकाचा महागडा नळ काळा पडला. ताईंनी काय केलं? एजंटला कळायच्या आत स्वतः फोन केला. फोटो पाठवला, दुपारी तसाच नळ आणला, प्लंबर बोलावून बसवला. त्या दिवसाची कमाई गेलीच, वर पदरचे घातले. एजंट दोन शब्द बोलला. पण पुढच्या महिन्यात त्यानेच तीन किल्ल्या दिल्या. नळ काळा पडला याचं एजंटला तितकं वाटत नाही. मालकाचा फोन रात्री अकराला आला आणि आपल्याला काहीच ठाऊक नाही, याची त्याला धास्ती असते.

(दृश्य : चहाची टपरी. ताई वहीत लिहितायत.)

आता पैशांचं. हा भाग कॅमेऱ्यासमोर बोलायला ताई जरा कचरल्या.

आधी कट, म्हणजे कमिशन. काही एजंट सफाईच्या पैशांतही हिस्सा मागतात. ताईंनी याला तत्त्वाचा प्रश्न केला नाही, पण दर पाडलाही नाही. ज्याला हवं त्याला ठरलेली रक्कम, आधी सांगून. त्यासाठी कामात काटछाट नाही. आणि कटही मागायचा, वर दरही पाडायचा असं करणाऱ्याकडे पुन्हा जाणं नाही. मला स्वतःला हा कट आवडत नाही. शेवटी तो मालकाच्या नाहीतर जाणाऱ्या भाडेकरूच्या खिशातून जातो, आणि दोघांनाही पत्ता नसतो. पण चार जणांचं पोट चालवणाऱ्या बाईला मी हे कुठल्या तोंडाने सांगू?

उधारी हा त्याहून मोठा ताप. 'मालकाचे आले की देतो' या वाक्यावर ताईंची एक अख्खी दिवाळी कोरडी गेली. तेव्हापासून काम संपलं की फोटोंबरोबर क्यूआर कोड जातो, आणि तो थेट मालकाला पाठवा असं एजंटला सांगितलेलं असतं. त्यालाही ते बरं वाटतं. मधल्यामधे पैसे सांभाळण्याची कटकट सुटते.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, फुकट होते. मोजकीच माणसं कामाला असतील तर शॉप ॲक्टखाली नोंदणी लागत नाही, नुसती सूचना द्यावी लागते. सेवेची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीही नाही. पण साधं छापील बिल हवं. एखादा फ्लॅट कंपनीने घेतलेला असतो, तिथे बिलाशिवाय पैसा सुटत नाही, आणि बिल देणारी टीम म्हणून तोच एजंट पुढच्या वेळी नाव सुचवतो.

(दृश्य : संध्याकाळ. पुसलेल्या फरशीवर खिडकीचा उजेड. ताई दारात उभ्या राहून फोटो काढतायत.)

सात वाजता शेवटचा फोटो जातो. तोच कोन, जो सकाळी होता. मालकाकडे आता सकाळ असेल. दहा मिनिटांत एजंटचा अंगठा येतो, आणि खाली एक ओळ, 'ताई, बालेवाडीची किल्ली पाच तारखेला.'

(दृश्य : एक तारीख. सकाळ. गेटवर टेम्पो.)

ताई आज परत आल्यात. वायपरचा एक दांडा बाल्कनीत राहिला होता. नव्या बिऱ्हाडाच्या वहिनी ओट्यापाशी उभ्या आहेत, शेगडीवर दूध चढलंय. ओट्यावरून हात फिरवून त्या म्हणतात, 'तुम्हीच केलंत का हे? रोजच्या कामाला याल का आमच्याकडे?'

ताई थोडं थांबतात. मग मोबाइल काढून एक नंबर सांगतात. खालच्या वस्तीत राहणाऱ्या एका बाईचा, कालच काम शोधत होती. दूध वर येतं. वहिनी गॅस बारीक करायला वळतात, आणि ताई दांडा घेऊन लिफ्टकडे.