जर्सीवर नाव कुणाचं?

नमस्कार श्रोतेहो.

१० जून १९४९. इटलीच्या सायकल शर्यतीचा, म्हणजे 'जिरो'चा, त्या दिवशीचा टप्पा होता कुनेओ ते पिनेरोलो, २५४ किलोमीटर. वाटेत आल्प्समधले पाच घाट. लोक रेडिओला कान लावून बसले होते. मारियो फेरेत्ती या निवेदकानं ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाला, "एकच माणूस पुढे आहे. त्याची जर्सी पांढरी-आकाशी आहे. त्याचं नाव फाउस्तो कोप्पी."

इटलीत हे वाक्य आजही लोकांना तोंडपाठ आहे. कोप्पी त्या दिवशी १९२ किलोमीटर एकटा चालवत होता. म्हणजे मुंबई-पुण्यापेक्षाही जास्त अंतर, आणि आपल्याकडे एक बोरघाट चढला की 'घाटाचा राजा' होता येतं, तिथे पाच! त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी जीनो बार्ताली पोचला तो जवळजवळ बारा मिनिटांनी.

मला मात्र या वाक्यात वेगळीच गंमत दिसते. फेरेत्तीनं आधी रंग सांगितला, नाव नंतर. तो आकाशी रंग होता 'बियांकी'चा. एदुआर्दो बियांकीनं १८८५ साली मिलानमध्ये सायकलींचं दुकान काढलं होतं, आणि त्या रंगाच्या सायकली आजही निघतात. रेडिओवर रंग दिसत नाही, तरी तो सांगावा लागला. कारण ती जर्सी बियांकीची होती, आणि कोप्पी बियांकीचा माणूस होता.

रस्त्यावरच्या सायकल शर्यती मुळात सायकली खपवायला सुरू झाल्या. नोव्हेंबर १८६९मध्ये पॅरिस ते रूआँ अशी १२३ किलोमीटरची शर्यत झाली. भरवणारे कोण? एक सायकलविषयक नियतकालिक आणि सायकली बनवणारे ऑलिव्हिए बंधू. १८९१ साली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, सुमारे १,२०० किलोमीटर, शार्ल तेराँ यानं ७१ तासांच्या वर पायडल मारून जिंकली, तेव्हा पेपरांत त्याच्याइतकंच कौतुक झालं ते त्याच्या चाकांवरच्या मिशलाँच्या टायरचं. रिमवरून सोडवता येणारा, हवेचा टायर! तोपर्यंत पंक्चर म्हणजे तासाभराची निश्चिंती. आणि दुसरा आला त्याचे टायर डनलॉपचे. बघा, शर्यत नेमकी कुणाची होती ते.

१९०३ साली 'लोटो' या वृत्तपत्रानं टूर द फ्रान्स सुरू केली, तीही स्वतःचा खप वाढवायला. पहिल्या वर्षी ६० जण निघाले, २१ पोचले. मोरिस गारँ जिंकला, ला फ्राँसेझ कंपनीच्या सायकलवर. संपादक आँरी देग्राँज हा माणूस विलक्षण हट्टी. त्याच्या मते शर्यत माणसाच्या पायांची असायला हवी, सायकलीच्या यंत्राची नाही. गिअर बदलणाऱ्या यंत्राला त्यानं १९३७पर्यंत टूरमध्ये शिरकावच दिला नाही. घाट आला की स्वार उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं करून बसवायचे. दुसऱ्या बाजूला मोठं फ्रीव्हील असायचं, चढाला हलकं. माथ्यावर पोचलं की पुन्हा तेच. इटलीतला तुल्लिओ काम्पान्योलो १९२०च्या दशकात अशाच एका बर्फाळ घाटात अडकला, बोटं गोठलेली, चाकाचे नट सुटेनात, असं सांगतात. त्यातून त्यानं खटका ओढला की चाक सुटेल अशी युक्ती काढली. आजच्या गिअरच्या सायकलीचं पुढचं चाक एका दांडीनं सुटतं ना, ती ही दांडी.

देग्राँजचा आणखी एक नियम होता: सायकल मोडली तर स्वारानं स्वतः दुरुस्त करायची, कुणाची मदत नाही. १९१३ साली पिरेनीजमधला तूर्माले घाट उतरताना यूजेन ख्रिस्तोफच्या सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, मोडला. एकूण शर्यतीत तो पुढे होता. सायकल खांद्यावर टाकून तो दहाहून जास्त किलोमीटर चालला, सेंट-मारी-द-काँपाँ गावात लोहाराचं दुकान गाठलं, आणि भट्टीवर स्वतःच्या हातानं चिमटा सांधला. बरं की आधी तो कुलपांच्या कारागिराकडे काम शिकलेला होता, लोखंडाची भाषा त्याला कळत होती. पंच शेजारी उभे. सुमारे चार तास गेले. आणि एका पोरानं भाता चालवला म्हणून वर दहा मिनिटांचा दंड! पुढे तो तीन मिनिटांवर आणला म्हणे, पण चार तास हातचे गेलेल्याला त्याचं काय.

ख्रिस्तोफची सायकल प्युजोची होती. आणि ती टूर जिंकली फिलिप तीसनं. त्याची सायकल? तीही प्युजोचीच. कंपनी कशी हरेल? सहा वर्षांनी, १९१९मध्ये, टूरची पहिली पिवळी जर्सी, म्हणजे एकूण शर्यतीत पुढे असलेल्याची, ख्रिस्तोफच्याच अंगावर चढली, आणि शेवटाशी आल्यावर पुन्हा चिमटा मोडला. या वेळी लोकांनीच त्याच्यासाठी वर्गणी गोळा केली.

कंपन्यांचं हे वर्चस्व देग्राँजला सलत होतं. १९०९पासून चार वर्षं ओळीनं टूर आल्सियाँ कंपनीच्या स्वारांनी नेली होती. १९२९मध्ये त्याच कंपनीचा मोरिस द वाल आजारी असताना, सहकाऱ्यांच्या आधारावर जिंकला, तेव्हा देग्राँजचं डोकं फिरलं. पुढच्या वर्षी त्यानं कंपन्यांचे संघच काढून टाकले. देशांचे संघ आले, आणि सगळ्यांना एकसारख्या पिवळ्या, कुणाचंच नाव नसलेल्या सायकली. मग पैसा कुठून? शर्यतीच्या पुढे जाहिरातींच्या गाड्यांची मिरवणूक सुरू झाली, चॉकलेटवाल्यांपासून. ही मिरवणूक आजही टूरच्या आधी निघते. म्हणजे सायकलवाल्यांना दारातून बाहेर काढलं, आणि खिडकीतून चॉकलेट आत आलं.

इटलीत मात्र जर्सी सायकलवाल्यांचीच राहिली. तिथे स्वारच कारखानदार व्हायचे. १९०९चा पहिला जिरो जिंकलेल्या लुईजी गान्नाला विचारलं, कसं वाटतंय? तो त्याच्या बोलीत म्हणाला, बसायची जागा पार जळतेय. पुढे त्यानं सायकलींची कंपनीच काढली. (बसायची सोय सुधारली की नाही, इतिहास गप्प आहे.)

कोप्पी जिंकत होता तेव्हाच हा धंदा आतून पोखरला जात होता. १९४६ला व्हेस्पा आली, वर्षभरात लांब्रेटा. कामगार सायकलवरून स्कूटरवर गेला. १९५३च्या सुमारास गान्ना कंपनीला संघ पोसणं जड जाऊ लागलं. तिच्या संघातल्या फिओरेन्झो मान्यी या स्वारानं एक अजब दार ठोठावलं: निव्हिया. हो, तीच निळ्या डबीतली क्रीम. १९५४ साली इटलीच्या रस्त्यांवर क्रीमच्या कंपनीचं नाव छातीवर घेऊन स्वार निघाले. बाकीच्यांनी आरडाओरड केली, आणि मग थोड्याच वर्षांत सगळेच त्या वाटेनं गेले.

मान्यीची आणखी एक गोष्ट सांगतोच. १९५६च्या जिरोत पडून त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. डाव्या हातानं हँडल ओढता येईना. तेव्हा त्याचा मेकॅनिक फालिएरो मासी यानं सायकलची ट्यूब कापून हँडलला बांधली, आणि तिचं टोक मान्यीनं दातांत धरलं! बोलोन्याचा चढ तो दातांनी हँडल ओढत चढला. त्या जिरोत तो दुसरा आला.

हा मासी कोण? मिलानमधला फ्रेम बनवणारा कारागीर. आणि इथे माझ्या कथेला खरा पीळ बसतो. क्रीम, कॉफीची यंत्रं, सॉसेज विकणाऱ्यांची नावं जर्सीवर आली, सायकलवाल्याचं नाव फ्रेमवर उरलं, आणि पुष्कळदा तेही खोटं. मोठ्या स्वारांच्या सायकली मासीसारख्या, उगो दे रोझासारख्या माणसांनी बनवायच्या, आणि त्यावर प्रायोजक कंपनीचा रंग आणि स्टिकर लागायचा. २५ ऑक्टोबर १९७२ला मेक्सिकोत बेल्जियमचा स्वार एडी मर्क्सनं एका तासात ४९.४३१ किलोमीटर गाठून विक्रम केला. संघ सॉसेजवाल्या मोल्तेनीचा. सायकल एर्नेस्तो कोल्नागोनं हातानं घडवलेली, सहा किलोहून हलकी. आणि फ्रेमवर नाव? विंडसर. मेक्सिकोतली एक कंपनी.

आपल्या घरातही या गोष्टीचा एक तुकडा आहे. १९८०ची टूर जिंकलेल्या योप झोटेमेल्कच्या संघाचं नाव होतं टीआय-रॅले. हे टीआय म्हणजे ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स, ब्रिटिश कंपनी. तिच्याच भागीदारीत मद्रासला टीआय सायकल्स सुरू झाली, आणि तिथून आपल्या वडिलांच्या हर्क्युलिस आल्या. दुधाचे कॅन आणि डबलसीट वाहणाऱ्या.

मर्क्स निवृत्त झाल्यावर १९८० साली त्यानं बेल्जियममध्ये स्वतःचा कारखाना काढला. शिकवायला आले दे रोझा. आता तरी फ्रेमवर खरं नाव लागणार, असं वाटलं. नव्वदीत अमेरिकेचा मोटोरोला संघ मर्क्सच्या सायकली चालवू लागला. त्यातल्या टायटॅनियमच्या फ्रेमवर ठसठशीत लिहिलेलं असायचं, 'एडी मर्क्स'. त्या बनायच्या अमेरिकेत, टेनेसी राज्यात, लाइटस्पीड नावाच्या कारखान्यात.

नमस्कार.