शेजारच्या काकूंचे युनिट

नमस्कार मंडळी.

मे महिन्याचं लाईट बिल हाती पडलं की शेजारच्या ओसरीवरून पहिला प्रश्न येतो, "तुमचं किती आलं बावा?" आपलं कमी निघालं तर जीव थंड होतो. जास्त निघालं तर "मीटरच पळते" म्हणून आपण मोकळे.

याच चौकशीवर कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात प्रयोग झाला. सुमारे 290 घरांच्या दारांना चिठ्ठ्या अडकवल्या: तुम्ही इतकी वीज वापरली, तुमच्या वस्तीची सरासरी इतकी. 2007 साली निकाल छापून आला. जास्त जाळणाऱ्यांनी हात आखडला. पण जे आधीच जपून वापरत होते, त्यांचा वापर वाढला! आपणच कशाला मन मारायचं, असं वाटलं असेल. मग काही चिठ्ठ्यांवर हसरा चेहरा काढला, आणि तेवढ्या शाबासकीवर ती घरं जागची हलली नाहीत. पुढे सहा लाख घरांच्या अभ्यासात अशा टपालातल्या तुलनेनं सरासरी 2 टक्के बचत दिसली. थोडीच, पण खर्च कागदाचा.

आपलं चुकतं कुठं, तर आपण रुपये विचारतो. त्यात थकबाकी, स्थिर आकार, सगळी मिसळ. युनिट विचारा, आणि सारख्या घराशी ताडा. नऊ माणसांच्या घरानं एकट्या म्हातारीशी बरोबरी करू नये.

शेजारच्या काकूंकडे आमच्यासारखीच पाच माणसं, एक कुलर. त्यांचे युनिट 118, आमचे 171. काकू म्हणाल्या, "खोलीत माणूस नसलं तं कुलर कायले पाहिजे?" रात्री पाहिलं. आम्ही अंगणात बाजांवर गप्पा मारतोय आणि आत खोली गार व्हावी म्हणून कुलर पाच तास घरघरतोय. 200 वॅटचा कुलर, पाच तासांत एक युनिट. महिन्याचे तीस. गोठ्यातला 60 वॅटचा जुना गोळा रात्रभर, ते अठरा. बाकीचे पाच अजून सापडले नाहीत.

काकूंना मात्र जाऊन सांगून आलो, "आळीत तुमचाच हिशेब चोख." न जाणो, आमचा आकडा ऐकून त्यांनीही कुलर सैल सोडला असता.

पुढच्या बिलात आमचे 126 आले. काकूंचे 115.